स्थलांतर, रोजगार आणि मतदान : जर्मनी आणि पेण-रोहा

मतदार आपले मत कशाच्या आधारे ठरवतो, या प्रश्नाचे उत्तर शोधताना दोन कारणांचा वारंवार उल्लेख होतो : उपजीविकेची चिंता आणि बाहेरून येणाऱ्यांविषयीची अस्वस्थता. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे की, ही दोन कारणे परस्परांपासून अलग नाहीत. जमीन, पाणी आणि नोकरी यांच्या प्रश्नाला वाचा फोडणारी संघटना जेथे उरत नाही, तेथे तोच प्रश्न बहुधा परक्याविषयीच्या रोषाचे रूप घेऊन मतपेटीत उतरतो.

जर्मनीतील ‘एएफडी’ या पक्षाची वाटचाल या दृष्टीने बोलकी आहे. २०१३ मध्ये हा पक्ष स्थापन झाला तो युरो या सामाईक चलनाच्या बचावासाठी इतर देशांना दिल्या जाणाऱ्या मदतीला विरोध म्हणून, म्हणजे निव्वळ आर्थिक तक्रारीतून. त्या वर्षी त्याला संसदेतील प्रवेशासाठी लागणारी पाच टक्के मतेही मिळाली नाहीत. २०१५ मध्ये सीरिया व अन्य देशांतून लाखो निर्वासित जर्मनीत आल्यानंतर पक्षाने स्थलांतराचा मुद्दा हाती घेतला आणि २०१७ मध्ये १२.६ टक्के, तर लागोपाठ दोन वर्षे अर्थव्यवस्था आकुंचन पावल्यानंतर झालेल्या फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत २०.८ टक्के मते मिळवली. लक्षणीय बाब अशी की, या पक्षाचा जोर सर्वाधिक आहे तो पूर्व जर्मनीत, जेथे बर्लिन वगळता परदेशी रहिवाशांचे प्रमाण पश्चिमेपेक्षा बरेच कमी आहे. मात्र १९९० च्या एकीकरणानंतर तेथील कारखाने बंद पडले आणि तरुण मोठ्या संख्येने पश्चिमेकडे निघून गेले. सारांश, मत फिरवते ती केवळ येणाऱ्यांची संख्या नव्हे. मागे राहिलेल्यांची असुरक्षितताही ते फिरवते.

रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या तालुक्यांना दोन्ही बाजूंचा अनुभव आहे, कारण येथून माणसे बाहेर जातात आणि येथे बाहेरून येतातही. नोकरीसाठी मुंबईत राहून गणपतीला आणि शिमग्याला गावी येणारा चाकरमानी हा कोकणच्या अर्थव्यवस्थेचा जुना आधार होय. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्याने तो मुंबईत परका ठरला नाही. उलट १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेने कचेऱ्यांतील नोकऱ्यांचा प्रश्न दक्षिण भारतीयांच्या विरोधात मांडला, तेव्हा तो ‘भूमिपुत्र’ म्हणून त्या मागणीचा वाटेकरी झाला. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातील रोजगार आटला, तरी गाव आणि मुंबई यांचे हे नाते तुटले नाही. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत रायगड मतदारसंघाचा निकाल सुमारे २,१०० मतांच्या फरकाने लागला. इतक्या निसटत्या लढतीत चाकरमान्यांचे नाव कोणत्या यादीत आहे आणि मतदानाच्या दिवशी ते गावी पोहोचतात की नाही, याला किती महत्त्व येते ते वेगळे सांगावयास नको.

याच चाकरमान्याचा भाऊबंद रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत मात्र यजमानाच्या भूमिकेत असतो. रासायनिक कारखान्यांत कंत्राटी पद्धत रुळली, म्हणजे कामगाराची नेमणूक कारखान्याऐवजी ठेकेदाराकडून होऊ लागली, की स्थानिक आणि परप्रांतीय हे दोघेही सारख्याच अस्थिर कामासाठी एकमेकांसमोर उभे ठाकतात आणि ठेकेदारी पद्धतीविषयीचा प्रश्न सहजच परप्रांतीयांविषयीचा होऊन बसतो.

असे होणे अटळ नाही, याचा पुरावा याच जिल्ह्याने दिला आहे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ ते १९३९ या काळात संप केला. तो खोती पद्धतीविरुद्ध, म्हणजे सरकार व कूळ यांच्यामध्ये बसून वसुली करणाऱ्या वतनदारीविरुद्ध होता. ही परंपरा पुढे शेतकरी कामगार पक्षाने चालवली. पेण, पनवेल आणि उरण तालुक्यांतील जमिनीवर ‘महामुंबई’ विशेष आर्थिक क्षेत्र, म्हणजे करसवलती असलेला उद्योगपट्टा, उभारण्याचे ठरले, तेव्हा प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्या नेत्यांच्या पाठबळाने शेतकरी संघटित झाले. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येणारी जमीन भातपिकाची असताना ती का द्यावी, हा त्यांचा सरळ प्रश्न होता. सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातील २२ गावांत जिल्हा प्रशासनाने शेतकऱ्यांचे मत अजमावले आणि कौल प्रकल्पाच्या विरोधात गेला. पुढे भूसंपादनही बारगळले. येथे आर्थिक चिंता तिच्या खऱ्या नावानेच मांडली गेली, म्हणून तिला परका शोधावा लागला नाही.

तथापि या कौलाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे, कारण मत विचारले गेले ते जमीनधारकांचे. पेण व रोहा तालुक्यांच्या वाड्यांतील कातकरी, जे शासनाच्या यादीत आदिम जमात म्हणून नोंदलेले आहेत, बहुतांशी भूमिहीन आहेत. पावसाळा सरला की मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन ते मुलाबाळांसह वीटभट्टीवर वा कोळसाभट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. लोकसभेचे मतदान एप्रिल-मे महिन्यांत येते, जेव्हा वाडीतील घरांना कुलपे असतात आणि उचल फिटलेली नसल्याने भट्टी सोडता येत नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मतदार मतदारसंघाचा ‘सर्वसाधारण रहिवासी’ असावा लागतो आणि तात्पुरत्या गैरहजेरीने हा हक्क जात नाही. म्हणजे कायद्याने कातकऱ्याचे मत शाबूत आहे, पण ते देण्याची सोय त्याला नाही. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदानयंत्राचा प्रस्ताव मांडला, मात्र तो प्रत्यक्ष निवडणुकीत उतरलेला नाही.

जर्मनीत निर्वासिताला मत नाही, कारण तो नागरिक नाही. भट्टीवरचा कातकरी पूर्ण नागरिक असूनही मतदानापासून दूर राहतो, ही गोष्ट अधिक गंभीर आहे. स्थलांतरावर चाललेल्या राजकारणात स्थलांतरितच अनुपस्थित असेल, तर उमेदवारांना त्याच्या मजुरीची वा उचलीची दखल घेण्याचे कारण उरत नाही. म्हणून मतदार नोंदणीची मोहीम वाडीवर माणसे असतात त्या पावसाळी महिन्यांत राबवणे, मतदानाच्या दिवशी भट्टीमालकाने पगारी सुट्टी व प्रवासाची सोय देणे आणि ठेकेदारी व उचल हे विषय प्रचारसभेत आणणे, या मागण्या पेण-रोह्यातील सुजाण मतदाराने आपल्या मानल्या पाहिजेत. चरीच्या कुळांनी आणि हेटवणेच्या शेतकऱ्यांनी आपल्या हक्काचा प्रश्न नेमक्या ठिकाणी विचारला. तो अधिकार भूमिहीनांपर्यंत पोहोचवणे हे त्यांच्या वारसांचे कर्तव्य आहे.