ब्रेक आधी, फ्रेम नंतर

ट्रायल्स सायकलिंग म्हणजे पाय न टेकता दगड, ओंडके, कठडे ओलांडणे. यात वेगापेक्षा ब्रेक मोलाचा, हे ब्रिटनमधल्या या सायकलींकडे पाहूनच कळते. सीट नावापुरती किंवा नाहीच. पण चाकाची कड अनेकदा ग्राइंडरने मुद्दाम खरवडलेली, म्हणजे ब्रेकचे रबर घट्ट पकडते आणि स्वार मागच्या एका चाकावर तोल साधतो. हा जिवावरचा खेळ, असे कुणी म्हणेल. स्काय बेटावरच्या डॅनी मॅकॅस्किलने एडिनबरात टोकदार कुंपणावरून सायकल नेली, ती २००९ची चित्रफीत पाहून तसे वाटतेही. मात्र तिच्यात त्याचे फसलेले प्रयत्नही दिसतात. शिकणे असेच, पायरीपायरीने आणि चालण्याच्या वेगाने होते. नवशिक्यांनी हेल्मेट आणि चांगला ब्रेक आधी घ्यावा. महागडी फ्रेम नंतर.