‘सुंदर’ला स्पॅनिश शब्द कोणता?



परभाषा शिकणाऱ्यास पहिला धीर शब्दकोश देतो आणि पहिला दगाहि तोच देतो. स्पॅनिश भाषेच्या एखाद्या लहानशा कोशांत ‘सुंदर’ या अर्थाचे शब्द पाहूं गेल्यास एर्मोसो, बेयो, बोनितो, लिंदो, ग्वापो, प्रेसिओसो अशी रांगच उभी राहते. स्त्रीविषयीं बोलतांना शेवटच्या ‘ओ’चा ‘आ’ करावयाचा एवढेंच. प्रत्येकापुढें अर्थ जवळजवळ एकच लिहिलेला असतो. तेव्हां हाताला येईल तो उचलावा असें कोणासहि वाटेल. पण रूपाची स्तुति ही नाजूक बाब आहे. ती भलत्या शब्दानें केली, तर याहून मौन बरें होतें असें म्हणण्याची पाळी येते. म्हणून या शब्दांच्या घराण्यांची थोडी चौकशी केलेली बरी. यांतील बहुतेक शब्द जन्मतः सौंदर्याचे नव्हतेच, आणि त्यांचा पूर्वीचा धंदा त्यांच्या वागण्यांत अजून डोकावतो.

‘एर्मोसो’ हा लॅटिन ‘फोर्मोसुस्’चा वंशज. ‘फोर्मा’ म्हणजे आकार, घडण. स्पॅनिशमध्यें शब्दारंभींच्या ‘फ’चा पुष्कळदां ‘ह’ झाला आणि पुढें तो उच्चारांतून नाहींसा झाला. शेजारच्या पोर्तुगीजांनीं मात्र ‘फ’ जपला; तैवान बेटाला मिळालेलें ‘फोर्मोसा’ हें नांव त्यांचेंच. आपला ‘सुरेख’ जसा रेषेवरून आला, तसा हा घडणीवरून. म्हणून भरलेलें शेत, उमदा घोडा, बाळसें धरलेलें मूल यांना तो शोभतो. सर्व्हान्तेसच्या ‘डॉन किहोते’चा पहिला भाग १६०५ सालीं निघाला. त्याच्या चौथ्या प्रकरणांत हा वेडा वीर तोलेदोच्या व्यापाऱ्यांना भर रस्त्यांत अडवतो आणि दुल्सिनेआहून अधिक ‘एर्मोसा’ कुमारी जगांत नाहीं असें कबूल करा म्हणून दटावतो. व्यापारी म्हणतात, निदान एखादी तसबीर तरी दाखवा! पुढें मारामारी होऊन वीराचीं हाडें खिळखिळीं होतात. तेथें ‘बोनिता’ हा शब्द असता तर प्रसंगच उभा राहिला नसता. नुसत्या गोजिरवाण्या मुलीसाठीं भाला कोण सरसावतो?

‘बेयो’ आणि ‘बोनितो’ हे मुळांत एकाच घरचे. दोघांचाहि पूर्वज ‘चांगला’ या अर्थाचा लॅटिन ‘बोनुस्’. थोरला लॅटिनमध्येंच ‘बेल्लुस्’ होऊन बसला. धाकटा ‘बुएनो’ला लाडिक प्रत्यय लागून शतकांनंतर जन्मला. थोरला ग्रंथांत आणि ललितकलांच्या संस्थांत वावरतो, धाकटा घर, झगा, गाणें, हस्ताक्षर यांत रमतो. जुन्या गोमंतकीय घरांत पोर्तुगीज शिकलेल्यांनीं येथें जपावें. पोर्तुगीजमध्यें देखण्या पुरुषाला ‘बोनितु’ म्हणणें साधी गोष्ट आहे. स्पॅनिशमध्यें तसें म्हटल्यास त्याच्या पुरुषपणाला किंचित् चिमटा बसतो.

त्याला ‘ग्वापो’ म्हणावें, पण स्पेनमध्यें. या शब्दाचें कूळ मोठें गमतीचें आहे. लॅटिन ‘वाप्पा’ म्हणजे उतरलेलें, बेचव मद्य, आणि त्यावरून कुचकामी मनुष्य. फ्रान्सच्या बोलींतून तो स्पेनांत आला तो गुंड होऊन. गुंडाचा शूर झाला, शूराचा छानछोकीचा गडी, आणि शेवटीं देखणा. आज स्पेनमधील बाजारांत भाजीवाली गिऱ्हाइकाला ‘ग्वापा’ म्हणून हांक मारते, तेव्हां रूपाचा विचार तिच्या मनांतहि नसतो. अटलांटिक ओलांडला कीं जुना अर्थ पुन्हा डोकें वर काढतो. ब्वेनोस आइरेसच्या वेशीवरचा ‘ग्वापो’ म्हणजे सुरीबहाद्दर. बोर्हेसनें १९३० सालीं एव्हारिस्तो कार्रिएगो या कवीवर लिहिलेल्या पुस्तकांत हा नमुना आढळतो. कॅरिबियन बेटांत तर ‘ग्वापो’ म्हणजे भांडकुदळ किंवा रागावलेला. दुसरी एक मेख क्रियापदाची. ‘असणें’ या अर्थीं स्पॅनिशला दोन क्रियापदें आहेत. ‘एस् ग्वापा’ म्हणजे ती देखणीच आहे. ‘एस्ता ग्वापा’ म्हणजे आज छान दिसते आहे. ज्या घरीं पहिलें अपेक्षित असतें तेथें दुसरें बोलून पाहा!

अमेरिकेंतील स्पॅनिश मुलखांत सर्वांत लाडका शब्द ‘लिंदो’. हवा, गांव, मूल, प्रेयसी, सारें तेथें लिंदो असतें. याचें मूळ मात्र ‘लेगितिमुस्’, म्हणजे कायदेशीर, औरस. औरस तो अस्सल, अस्सल तो उत्तम, उत्तम तो सुंदर, अशी ही चाल. पंधराव्या शतकांत ‘लिंदो ख्रिस्ती’ म्हणजे ज्याच्या वंशांत यहुदी रक्त नाहीं असा ख्रिस्ती. तोलेदो शहरांत १४४९ सालीं एक फर्मान निघालें आणि बाटलेल्या यहुद्यांच्या वंशजांना नगराच्या अधिकारपदांवरून दूर करण्यांत आलें. १४९२ सालीं तर धर्म न सोडणाऱ्या यहुद्यांना देशच सोडावा लागला. ज्या शब्दानें माणसें निवडून बाहेर काढलीं, त्याच शब्दानें आज लिमामधील आई तान्ह्या मुलीला कुरवाळते. तिला त्याची वार्ताहि नसते, आणि नसावी हेंच बरें. आपणहि ‘खानदानी सौंदर्य’ म्हणतों. त्या वेळीं आपण डोळ्यांनीं पाहत असतों कीं कुळाची वही चाळत असतों, हें मला अद्याप उमगलेलें नाहीं.

‘प्रेसिओसो’ किंमतीवरून आला. अंगठी, देखावा, तान्हें मूल, कोठेंहि तो चालतो; नवख्यानें अडचणीच्या वेळीं खुशाल वापरावा. मात्र मराठी कथेंतील ‘चारचौघींत उठून दिसणारी’ स्पॅनिशमध्यें न्यावयाची झाल्यास माद्रिदच्या वाचकासाठीं मी ‘ग्वापा’ लिहीन, ब्वेनोस आइरेसच्या वाचकासाठीं ‘लिंदा’; आणि ती कथेंत प्रौढ, भरल्या घरची गृहिणी असेल, तर दोघांसाठींहि ‘एर्मोसा’.