मांजराच्या पोटातील निरोप

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात बाजरीच्या कणगीपाशी मांजर उंदीर मटकावते आणि चुलीजवळ डोळे मिटून पडते. पोटात मात्र लगबग चालू असते. उंदराची चरबी लहान आतड्यात उतरताच तिथल्या पेशी कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक रक्तात सोडतात. हा झाला निरोप. तो झेलणारे ग्राही पित्ताशयाच्या स्नायूंत असतात. किल्ली कुलपात बसावी तसे संप्रेरक ग्राहीत बसते नि पित्त सुटते.

पण भीतीचाही निरोप पोटात पोहोचतो. अमेरिकेतील वॉल्टर कॅनन यांनी क्ष-किरणांनी पाहिलेले १८९८ साली प्रसिद्ध केले: मांजर बिथरले की जठराची हालचाल थांबते. माणसाचेही काहीसे असेच. तेव्हा गुरुजी, जेवत्या पोराला दटावू नका!