संधिवात आणि कचेरीतील खुर्ची
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी खुर्चीविषयी बोलणार आहे. विषय लहान वाटेल. पण आपल्यापैकी कितीतरी जणी दिवसभर कचेरीत बसून काम करतात, आणि पन्नाशीच्या सुमारास अनेकींचे गुडघे कुरकुरू लागतात. मी ज्या पतपेढीची व्यवस्था पाहते, तेथील एक बाई संधिवातामुळे नोकरी सोडायला निघाल्या होत्या. हिशेबात त्या चोख. अडत होते ते केवळ खुर्चीवरून उठताना. त्यांच्यासाठी खुर्ची निवडताना जे उमगले, ते सांगते.

पहिली गोष्ट उंचीची. बैठक बुटकी असली की उठताना सारा भार गुडघ्यांवर येतो. म्हणून कंबर गुडघ्यांहून किंचित वर राहावी, पण पाऊल जमिनीवर सपाट टेकावे. टेकत नसेल तर पायांखाली पाट द्यावा. पाठ टेकून बसल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटे जागा उरावी आणि कमरेच्या पोकळीला आधार मिळावा. खुर्चीला भक्कम हात हवेत. त्यांवर रेटा देऊन उठता येते. चाके असल्यास ती अडकवण्याची सोय हवी, नाहीतर उठतानाच खुर्ची मागे पळते.

आमवात पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन-तीन पट अधिक होतो, आणि त्यात बोटांचे सांधे सुजतात. अशा वेळी उंची बदलण्याची कळ तळहाताने दाबता येते की नाही, हेही पाहावे.

आमच्या बाईंना आम्ही तीन खुर्च्यांवर एकेक दिवस बसवले. सर्वांत महागडी खुर्ची त्यांनीच नापसंत केली. तिच्या मऊ गादीत त्या रुतून बसत. जिला बसायचे, तिनेच निवडावे, हेच खरे. मात्र खुर्ची कितीही चांगली असली, तरी अर्ध्या तासाने उठून चार पावले टाकावीतच.

भगिनींनो, ‘दुखते’ म्हटले तर ‘काम झेपत नाही’ असे म्हणतील, या भीतीने आपण गप्प बसतो. पण अशी सोय म्हणजे उपकार नव्हे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सरकारी आस्थापनांवर दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी वाजवी सोयी करण्याचे बंधनच घातले आहे. आपली कचेरी त्यात मोडो वा न मोडो, मागण्यात कमीपणा कसला? आमच्या बाई आजही हिशेब लिहीत आहेत. एका खुर्चीच्या किमतीत वीस वर्षांचा अनुभव आमच्याकडे राहिला.