प्रत्येक भ्रमिष्ट कुत्रे पिसाळलेले नसते



एखादे कुत्रे लाळ गाळीत, भिंतीला डोके टेकून उभे असलेले वा एकाच जागी गोल फिरताना दिसले, की गावात ‘पिसाळले’ अशी ओरड होते आणि काठ्या निघतात. ही भीती निराधार नाही. रेबीजची लक्षणे एकदा प्रकट झाल्यावर त्यावर खात्रीचा इलाज नाही. तथापि अशीच लक्षणे दाखविणारा, परंतु कोणालाही न लागणारा असा एक जन्मजात विकार कुत्र्यांत आढळतो.

जठर व आतड्यांतून निघणारे रक्त थेट हृदयाकडे जात नाही; ते निवाहिका शिरेने प्रथम यकृतात येते. प्रथिनांच्या विघटनातून आतड्यात तयार होणाऱ्या अमोनियाचे यकृत युरियात रूपांतर करते. गर्भावस्थेत हे काम मातेचे शरीर करीत असल्याने पिलाचे रक्त यकृत टाळून एका आडवाटेने जाते. जन्मानंतर थोड्याच दिवसांत ही वाट बुजते. काही पिलांत ती उघडीच राहते. काहींत यकृताबाहेरच एखादी भलती शीर जोडलेली असते. पहिला प्रकार आयरिश वुल्फहाउंड, लॅब्रॅडॉर अशा मोठ्या जातींत, तर दुसरा यॉर्कशायर टेरियरसारख्या लहान जातींत अधिक दिसतो. पशुवैद्य या आडवाटेस ‘शंट’ म्हणतात.

या आडवाटेचा परिणाम प्रथम प्रयोगशाळेत दिसला. 1877 साली सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय एक यांनी आठ कुत्र्यांत अशी वाट शस्त्रक्रियेने निर्माण केली. त्यांपैकी एकच कुत्रा अडीच महिने जगला आणि एके दिवशी प्रयोगशाळेतून पळून गेला! पुढे 1893 मध्ये पावलॉव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच प्रयोग अधिक कौशल्याने केले. असे कुत्रे मांस खाल्ल्यावर चिडखोर होत, झोकांड्या खात, त्यांना आचके येत आणि शेवटी ते बेशुद्ध पडत.

घरच्या पिलातही हेच घडते. ते भावंडांहून खुरटे राहते. खाल्ल्यानंतर सुस्त होते, तात्पुरते आंधळे झाल्यासारखे वागते. काही तासांनी पुन्हा खेळू लागते. मूत्रात खडे होतात. भूल दिल्यास शुद्धीवर यावयास फार वेळ लागतो. असे येणेजाणे चालू असले, की ‘नजर लागली’ असे म्हणून अंगारा लावला जातो, आणि योगायोगाने थोड्या वेळात पिलू सावरतेही!

रेबीजचे तसे नाही. तो उतरत नाही, वाढतच जातो, आणि कुत्रे साधारणपणे दहा दिवसांच्या आत मरते. परंतु हा भेद घरच्या घरी ठरवू नये. भ्रमिष्ट कुत्र्याला हात न लावता दूर कोंडावे आणि पशुवैद्यास बोलवावे. ते कोणाला चावले असल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ लस घ्यावी. निदानाची वाट पाहू नये.

यकृतविकाराचा संशय असल्यास जेवणापूर्वी व जेवणानंतर दोन तासांनी रक्तातील पित्ताम्ले मोजतात. सोनोग्राफीने आडवाट शोधतात. मांसाऐवजी दुग्धजन्य वा वनस्पतिजन्य प्रथिने व लॅक्ट्युलोज यांनी पिलू सावरते. आडवाट बंद करणे हा खरा उपाय होय. मात्र ती एकदम बांधल्यास निवाहिका शिरेतील दाब वाढून प्राण जाऊ शकतो. म्हणून तिच्याभोवती दुधातील केसीनचे कडे बसवितात. ते ओलावा शोषून फुगते आणि काही आठवड्यांत वाट हळूहळू मिटते. यकृत वाळल्यामुळे प्रौढपणी निर्माण झालेल्या अनेक बारीक वाटांना मात्र हात लावीत नाहीत. त्या वाढलेला दाब हलका करणाऱ्या असतात.

काही जातींत हा दोष आनुवंशिक असल्याने अशा कुत्र्यापासून पैदास करू नये. आणि दवाखान्यात जाताना पिलाने काय खाल्ले, किती वाजता खाल्ले व त्रास केव्हा सुरू झाला, एवढे कागदावर लिहून न्यावे. शाळेतील मुलेही ही नोंद ठेवू शकतील.