सरकलेले कौल आणि संगणकाची मेमरी

महाडपासून आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या पोलादपूरपर्यंत, सावित्रीच्या खोऱ्यात पावसाळाभर हवेत जी ओल राहते ती संगणकाच्या पेटीतही शिरते. आणि त्या पेटीतील रॅम, म्हणजे चालू काम जिच्यावर मांडले जाते व वीज जाताच जी कोरी होते ती स्मृतीची पट्टी, बिघडल्याची नुसती शंका आली की सगळ्या पट्ट्या एकदम बदलण्याची घाई केली जाते. ही घाई टाळलीच पाहिजे.

कौलारू घरात पाणी माजघरात टपकते, पण फुटके कौल वरच्या अंगाला असते, कारण पाणी वाशावरून ओघळत आलेले असते. त्याचप्रमाणे दोष पट्टीच्या एखाद्या खणात असतो आणि दिसतो मात्र फाइल न उघडण्यात किंवा पडद्यावर अचानक उमटणाऱ्या निळ्या सूचनेत. रिमझिमीत न गळणारे कौल मुसळधारेत गळते, तशी सदोष मेमरीही काम वाढून ती भरत आली म्हणजे दगा देते. पुष्कळदा तर कौल फुटलेले नसतेच, केवळ सरकलेले असते. पट्टी खाचेत ढिली बसलेली असते किंवा तिच्या सोनेरी कडेवर, जिथून वीज व संकेत जातात तिथे, मळ चढलेला असतो.

म्हणून वायर काढून, पेटीच्या धातूला स्पर्श करून अंगावरील स्थिर वीज उतरवावी, आणि एकच पट्टी एकाच खाचेत ठेवून मेमटेस्ट हा तपासणीचा प्रोग्राम रात्रभर चालवावा. त्यात एकही चूक आढळली तर ती पट्टी दुसऱ्या खाचेत तपासावी, कारण चूक खाचेबरोबर राहिली तर दोष मदरबोर्डचा म्हणजे मूळ पाटाचा असण्याचा संभव अधिक. श्रोत्यांसाठी हे पुन्हा सांगणे अगत्याचे आहे: एका वेळी एकच पट्टी. सगळी कौले एकदम उतरवणाऱ्याला फुटके कोणते ते कळत नाही.

नवी पट्टी त्याच जातीची हवी. डीडीआर-३ ला 240 आणि डीडीआर-४ ला 288 संपर्कबिंदू असतात, दोन्हींची खोबणही वेगळ्या जागी असते, त्यामुळे जोर लावून बसवणे म्हणजे खाच मोडणेच होय.  आणखी एक गोष्ट राहता कामा नये, की सदोष मेमरीच्या संगणकावर हिशेबाच्या फाइलींची नवी प्रत काढू नये, कारण प्रत त्याच मेमरीतून जाते आणि चूक तिच्यातही उतरू शकते. डिस्क काढून दुसऱ्या, धड संगणकाला जोडावी आणि प्रत तिथे घ्यावी.