जोतिबाला जाताना गाडीचा अलार्म
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी मेळाव्यातील भाषण)

आपल्यातली बरीच कुटुंबं रविवारी जोतिबाला जातात. वाडी रत्नागिरीचा डोंगर इथून जवळच. गाडी लावायची, बॅग सीटवर ठेवायची आणि दर्शनाच्या रांगेत उभं राहायचं. काच फोडून ती बॅग उचलायला मात्र एक मिनिटही लागत नाही.

कुणी म्हणेल, 'आमच्या गाडीला अलार्म आहे की!' पण कुठला? साधा अलार्म दार किंवा डिकी उघडली तरच वाजतो. चोर दार उघडतच नाही, फुटलेल्या काचेतून हात घालतो. त्यासाठी धक्का ओळखणारा शॉक सेन्सर पाहिजे. इमोबिलायझरमुळे इंजिन सुरू होत नाही. गाडी वाचते, बॅग नाही.

घेताना तीन गोष्टी विचारा. सेन्सर कमी-जास्त करता येतो का? नाहीतर बोनेटवर मांजर बसलं तरी अख्खी सोसायटी जागी, आणि मग खऱ्या चोरीच्या वेळी कुणी खिडकीसुद्धा उघडणार नाही. वायर न कापता बसवता येतो का? नाहीतर वॉरंटीची अडचण येऊ शकते. सूचना मोबाईलवर येते का? चैत्र यात्रेत हलगी आणि 'चांगभलं'च्या गजरात सायरन कुणाला ऐकू जाणार?

आणि ऐकू आला तरी रांगेतून धावत येईपर्यंत चोर पसार. गाडीच्या विम्यात आतल्या सामानाची भरपाई सहसा मिळत नाही. म्हणून सामान घरून निघतानाच डिकीत ठेवा, पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर नको. पैसे, दागिने जवळच बाळगा. अलार्म जरूर बसवा, पण सीट रिकामी ठेवा. काही दिसलंच नाही, तर चोर काच कशाला फोडेल?

जोतिबाच्या नावानं चांगभलं!